खाते, कारखाना, दप्तर

संस्थान संपायला एक दिवस उरला असताना बडोद्याने विद्यापीठ काढले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ची, आणि बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले १ मे १९४९ला. विद्यापीठाचा कायदा २०२३पर्यंत ‘बडोदा कायदा क्रमांक १७, सन १९४९’ म्हणून ओळखला जात होता. ज्या राज्याने तो केला ते राज्य दुसऱ्या दिवशी उरले नव्हते. वाडा विकायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी नातवाच्या नावाने पासबुक काढून ठेवावे, तसा हा प्रकार.

विद्यापीठाच्या स्मरणिकेसाठी माझ्या वाट्याला अर्थशास्त्र, संगीत आणि इतिहास असे तीन विषय आले. बेत सोपा होता: तीन विभाग, प्रत्येकी तीन पाने, विभागप्रमुखांची यादी, पदके, निवृत्त झालेल्यांना नमस्कार. यादी करायला बसलो आणि दोन दिवसांत वही मिटून ठेवली. १९४९च्या मागे पाऊल टाकले की हे तीन विषय वेगळे राहतच नाहीत. गवयाचा शोध घ्यावा तर तो पगारपत्रकात सापडतो, इतिहासकार महाराजांच्या खासगी कचेरीत, आणि अर्थशास्त्रज्ञ महसुलाच्या किंवा हिशेबाच्या कचेरीत. मराठीत ‘खाते’ म्हणजे हिशेबाचे पानही आणि सरकारी विभागही. बडोद्यात विद्या आधी खात्यात आली, वर्गात नंतर. आमच्या विद्यापीठाचा इतिहास मला तरी याच वाटेने सांगता येतो.

नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, आणि २८ डिसेंबर १८८१ला त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले, ही गोष्ट मराठी घरांत नव्याने सांगायला नको. त्याच १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले. वास्तुविशारद चिझमने बांधलेली ती इमारत, तिच्यावरचा तो घुमट. विजापूरच्या गोलघुमटानंतर देशात नंबर आमचाच, असे प्रत्येक बडोदेकर पाहुण्याला स्टेशनवरून आणताना सांगतो. पाहुण्यानेही मोजायला जाऊ नये. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, परीक्षा मुंबईच्या, शिक्षक मात्र दरबारच्या पगारावर. त्यामुळे माणसे कचेरीतून कॉलेजात आणि कॉलेजातून कचेरीत सहज फिरत. अरविंद घोष १८९३ला विलायतेहून आले ते थेट प्राध्यापक म्हणून नव्हे. आधी जमीनमोजणीचे खाते, मग महसूल, मग सचिवालय, आणि तिथून कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवायला. पुढे ते उपप्राचार्यही झाले. शेताचा आकार कसा ठरतो हे पाहून मग शेक्सपिअर शिकवणारे प्राध्यापक आता कुठे मिळणार?

आता गाणे. मराठी राज्यात अठरा कारखाने असत. हत्तीखाना, फरासखाना, मुदपाकखाना या पंगतीत बडोद्यात कलावंत कारखानाही होता. गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी सगळे याच खात्याचे नोकर. १८८०मध्ये सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या मराठा घराण्यात झाले, तेव्हा आंदणात भरतनाट्यमच्या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, आले. आंदणात आलेली माणसे काही दिवसांत पगारपत्रकावर चढली. महाराजांचा स्वभाव असा की गोष्ट कागदावर आली नाही तर तिला चैन पडायचे नाही, किंबहुना त्यांना पडायचे नाही. १८९९च्या सुमारास कलावंत खात्याचे नियम मराठीतून छापून निघाले. कोणी केव्हा हजर व्हायचे, रजा कशी मागायची, चुकल्यास काय, सगळे कलमवार. गाणाऱ्याला हे जाचक वाटले असणार यात शंका नाही. दुपारी कारकुनाने हजेरीची सही घेतली, आता संध्याकाळी मारवा कसा लागायचा? पण इतिहासकाराने त्या नियमांना हात जोडावेत. इतर दरबारांतल्या गवयांच्या फक्त आख्यायिका उरल्या. बडोद्याच्या गवयांचे कागद उरले.

त्या खात्यातून शाळा निघाली ती १८८६ साली. मौलाबक्ष हे तिचे प्रवर्तक. उत्तरेचा गवई दक्षिणेत म्हैसूरला राहिलेला, कर्नाटक संगीत अभ्यासलेला, आणि तिथली शिस्त पाहून चकित झालेला. गाणे लिहिता येते, सर्वांना शिकवता येते, त्याला पुस्तक असू शकते, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली आणि क्रमिक पुस्तके काढली. भातखंडे आणि पलुसकर यांची नावे घेताना आपण मौलाबक्षांना विसरतो, आणि याचे मला नेहमी वाईट वाटते. पलुसकरांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला १९०१मध्ये निघाले. बडोद्याची गायनशाळा त्याआधी पंधरा वर्षे चालू होती. तिथे जे झाले ते फार साधे आणि फार मोठे होते. गाण्याला वर्ग आला, फळा आला, हजेरीपट आला. घराण्यात न जन्मलेल्या मुलाला सा लावायची सोय सरकारी खर्चाने झाली. मौलाबक्षांचा नातू इनायत खाँ याच घरात १८८२मध्ये जन्मला, १९१०ला अमेरिकेला गेला आणि पुढे युरोपभर सूफी गुरू म्हणून ओळखला गेला. हा धागा मात्र इथे सोडून देतो, तो आपल्याला फार लांब नेईल.

खात्याची शिस्त सगळ्यांना मानवली नाही. अब्दुल करीम खाँ १८९०च्या दशकात बडोद्याच्या नोकरीत होते. सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाईंना गाणे शिकवता शिकवता दोघांनी बडोदे सोडले ते कायमचे. त्यांच्या मुलीचा, हिराबाईंचा, जन्म मिरजेचा, तरी त्या गायल्या बडोदेकर या आडनावाने. आमच्या गावाची संगीतातली सर्वांत मोठी जाहिरात अशी आमच्यावर रुसून गेलेल्यांच्या घरातून झाली.

मार्च १९१६मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. आश्रय महाराजांचा, खटपट पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांची. त्यांचे तिथले भाषण उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचा संक्षिप्त इतिहास सांगणारे होते, आणि संगीत सभेत इतिहासाचा पुरावा मागण्याची रीत आपल्याकडे रुजली ती मुख्यतः तिथून. अमुक राग तानसेनापासून असाच, असे उस्तादाने म्हटले की हा वकील विचारायचा, कोणत्या ग्रंथात? ग्रंथ जुना तर आजच्या गाण्याशी जुळतो का? न जुळल्यास कोण बदलले, कधी? हे प्रश्न गवयांना उद्धट वाटले असतील, पण वकील असे प्रश्न विचारण्यासाठीच असतो. परिषदेत खरी खडाजंगी झाली ती श्रुतींवरून, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांवरून. साताऱ्याकडे न्यायाधीश राहिलेले क्लेमंट्स बावीस श्रुतींची पेटी घेऊन आले होते. त्यांच्या मांडणीच्या मागे कृष्णाजी बल्लाळ देवल यांची मोजणी होती आणि देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. म्हणजे शेतसाऱ्याचा एक अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक वकील एका स्वरापासून दुसऱ्या स्वराचे अंतर किती यावर भांडत होते. मोजणीला आवाज दिला होता बडोद्याहून निघून गेलेल्या अब्दुल करीम खाँनी. पेटीवाल्यांचा पक्ष मागे पडला. पण स्वर मोजता येतात की नाही, हा वाद बडोद्यात इतक्या जाहीरपणे व्हावा, हे त्या गावाच्या मोजणीवेड्या कारभाराला साजेसेच होते.

दरबारगायक फैयाज खाँ या सगळ्यात वेगळे. त्यांना नियमांचे पुस्तक कोणी दाखवले असेल असे वाटत नाही. आग्र्याची ती भरदार आलापी, तो नोमतोम, दरबारात उभे राहिले तर दरबारच त्यांचा वाटावा असा तो माणूस. भातखंड्यांनी आपला शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर याला संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांच्याकडे पाठवले. तेच रातंजनकर पुढे लखनौला मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. खाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५०ला बडोद्यातच वारले. विद्यापीठ तेव्हा दीड वर्षाचे होते.

आता पैशाकडे येतो. गाण्याइतका गोड विषय नाही, पण बडोद्याची खरी ओळख त्यातच आहे. १८९९-१९००चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, विक्रम संवत १९५६चा म्हणून. संस्थानची लोकसंख्या १८९१मध्ये सुमारे २४ लाख होती. १९०१च्या खानेसुमारीत ती साडेएकोणीस लाखांच्या आसपास आली. महाराज दुष्काळी भागात स्वतः फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१मध्ये इंग्रजीत छापली. राजाने स्वतःच्या राज्यातल्या दुष्काळाची टिपणे छापावीत, ही गोष्ट त्या काळी नेहमीची नव्हती.

त्यानंतर १९०४मध्ये रमेशचंद्र दत्त महसूलमंत्री म्हणून बडोद्याला आले. यांची निवड मला महाराजांच्या सगळ्या निवडींत धाडसाची वाटते. दत्त निवृत्त सनदी अधिकारी, काँग्रेसचे माजी अध्यक्ष, आणि दुष्काळांचे कारण जमीनमहसुलाचा भार हे आहे असे लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रांतून सुनावणारे गृहस्थ. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे त्यांचे दोन खंड १९०२ आणि १९०४मध्ये आले. इंग्रजांनी सारा किती घेतला आणि त्याने काय झाले हे पानोपानी दाखवणारा माणूस आता स्वतः सारा ठरवायच्या खुर्चीत बसला. दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवणाऱ्याच्या हाती पळी द्यावी, तसे. त्यांनी ती पळी चांगली चालवली, असे बडोद्याची परंपरा मानते. १९०९मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच वारले. याच माणसाने तरुणपणी बंगालीत शिवकालावर कादंबरी लिहिली होती, ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’. इतिहास, ललित आणि महसूल एकाच टेबलावर! आज दत्तांना नेमायचे तर कोणत्या विभागाने जाहिरात काढायची, यावर दोन वर्षे पत्रव्यवहार होईल.

बॅंक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ला निघाली, १९०६पासून सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात आले. या गोष्टी इतरत्र पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. मला थांबायचे आहे ते १९१३पाशी.

त्या वर्षी बडोदे दरबारने भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार. १९१५मध्ये त्यांनी एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता, म्हणजे अर्ध्यात इतिहास आणि अर्ध्यात हिशेब. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि १९१७मध्ये करार पाळायला बडोद्याला आले. नेमणूक झाली हिशेबखात्यात, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, उमेदवार म्हणून. राहायला मात्र गावात जागा मिळेना. हॉटेलात आपले नाव सांगता येईना. एका पारशी उतारगृहात खोली मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघायच्या वेळी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करा म्हणाले. गावात दोन ओळखीचे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात ठेवायला असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे सगळे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि मी वाचले तेव्हा विद्यार्थी होतो. कामाठी बाग विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परीक्षा संपली की आम्ही तिथे भेळ खायला जायचो. त्यानंतर भेळ तशी लागली नाही.

या संस्थेचा इतिहास लिहिताना ही गोष्ट तळटीपेत टाकायची चाल आहे. मला ती मधोमध हवी. संस्थानाने त्या माणसाला परदेशी पाठवण्याइतके मन मोठे केले आणि शहराला त्याला एक खोली देता आली नाही. हिशेबखात्याची खुर्ची तयार होती, तिच्यापर्यंत पोचायला गावातून वाट नव्हती. आंबेडकर मात्र देणे विसरले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५मध्ये निघाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. त्या ग्रंथाचा विषय पाहा: केंद्र आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली. दत्त जमिनीच्या साऱ्यापाशी, आंबेडकर प्रांतांच्या वाटणीपाशी. आमच्याकडे अर्थशास्त्र म्हणजे मुख्यतः सरकारी तिजोरीचे शास्त्र राहिले, आणि ते खात्यात जन्मल्याची ही खूण आहे.

इतिहासाची तिसरी गोष्ट गोविंद सखाराम सरदेसायांची. १८८९मध्ये ते बडोद्याला लागले ते महाराजांचे रीडर म्हणून, म्हणजे वाचून दाखवायचे काम. पुढे राजपुत्रांना शिकवायचे काम आले. महाराजांनी सांगितले म्हणून त्यांनी मॅकिआव्हेलीचा ‘प्रिन्स’ मराठीत आणला, सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरचा ग्रंथही आणला. राज्यकर्त्याला राज्य करण्याची पुस्तके वाचून दाखवायची आणि त्याच्या मुलांना इतिहास सांगायचा. मुलांसाठी केलेली टिपणे वाढत गेली, फुगत गेली आणि १८९८मध्ये ‘मुसलमानी रियासत’ छापली गेली. मग मराठी रियासतीचे खंड, मग ब्रिटिश रियासत. पूर्ण काळात पदवीच्या वर्गावर उभे राहून शिकवणे नाही, विद्यापीठाची नेमणूक नाही. नोकरी दरबारी, महाराज हलले की दौऱ्यावर जायचे, विलायतेला गेले की विलायतेला. रियासतकार या पदवीमागे हे हुकुमाचे ताबेदार आयुष्य आहे. १९२५मध्ये निवृत्त होऊन ते कामशेतला राहायला गेले, आणि नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढून दाखवले. निवृत्तीनंतरचे काम बहुतेकांचे थोडे असते. त्यांचे तेच जास्त.

दप्तराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बडोद्याचे जुने कागद मोडीत आहेत, कोठी कचेरीत रुमालांत बांधलेले. मी पहिल्यांदा रुमाल सोडला तेव्हा वाटले होते, लढाई निघेल, तह निघेल. निघाले धान्य, चारा, बैलांचे भाडे. मोडीची गंमत अशी की लेखणी उचलायची नाही, त्यामुळे ओळ धावत राहते आणि वाचणाऱ्यालाच धाप लागते. दोन महिने मी रकमांच्या खुणा शिकत होतो. पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या-आडव्या रेघा एकदा डोळ्यांत बसल्या आणि मग कागद बोलायला लागले. तेव्हा कळले की इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन इमारती आमच्या कॅम्पसमध्ये वेगळ्या आहेत, रुमालात त्या एकाच गाठीत आहेत.

संस्थानकाळात ज्या एका ठिकाणी या तिन्ही विद्या उघडपणे शेजारी बसल्या, ते ठिकाण प्राच्यविद्या मंदिर. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागातून ते १९२७मध्ये स्वतंत्र झाले आणि १९४९ला विद्यापीठात आले. त्याची ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ १९१६पासूनची. पहिले पुस्तक राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. ग्रंथमालेची यादी मी झोप येत नसली की वाचतो. तीत मंगेश रामकृष्ण तेलंगांनी संपादलेले ‘संगीतमकरंद’ आहे. तीत अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे ‘नाट्यशास्त्र’ आहे. पहिला खंड १९२६चा आणि संगीताचे अध्याय असलेला चौथा १९६४चा, म्हणजे गाण्याला अडतीस वर्षे थांबावे लागले. तीत ‘लेखपद्धती’ आहे, चिमणलाल दलाल आणि श्रीगोंदेकर यांनी संपादलेली, १९२५ची. मध्ययुगीन गुजरातेत कारकुनाने कागद कसा लिहावा याचे नमुने तीत एकामागून एक दिले आहेत: गहाणखत, जमिनीचा दाखला, व्यापाऱ्याचे पत्र, बापाने मुलाला लिहिलेले पत्र, आणि दासी विकत घेतल्याचा कागद. हा शेवटचा नमुना वाचताना आवाज आपोआप खाली येतो. बाई विकली जात आहे, आणि लिहिणारा मात्र शुद्धलेखन सांभाळतो आहे. तीत अठराव्या शतकातले ‘मिरात-इ-अहमदी’ आहे, मूळ फारसीत, बडोदा कॉलेजातले फारसीचे प्राध्यापक सय्यद नवाब अली यांनी संपादलेले. ग्रंथकर्ता अली मुहम्मद खान हा गुजरातचा मोगल दिवाण, त्यामुळे त्याच्या इतिहासात परगणे, उत्पन्न आणि जकाती ओसंडून वाहतात. इतिहास लिहिला दिवाणाने, संपादला प्राध्यापकाने, छापला संस्थानाने. तिघांची वंशावळ एकच.

१९४९नंतरचा भाग मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो. तो बहुतेकांनी पाहिलेला आहे, आणि हयात सहकाऱ्यांबद्दल लिहिताना हात आपोआप गुळचट होतो. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री कुलगुरू. १९५८पर्यंत त्या होत्या आणि त्या नऊ वर्षांत जे उभे राहिले त्यावर आम्ही अजून जगतो. १९५१मध्ये एम. एन. श्रीनिवास समाजशास्त्राचा विभाग काढायला आले. त्यांच्या हाताखाली अ. म. शाह यांनी र. ग. श्रॉफांसह वहीवंचा बारोटांवर लिहिले, म्हणजे घराण्यांच्या वंशावळ्या वहीत ठेवणाऱ्या आणि अधूनमधून येऊन गाऊन-वाचून दाखवणाऱ्या जातीवर. वही, वंश आणि गळा तिन्ही एकाच माणसाजवळ. बडोद्याला याहून योग्य विषय सुचायचा नव्हता. इतिहासात सतीशचंद्र मिश्र यांनी गुजरातमधल्या मुस्लिम सत्तेच्या उदयावर १९६३मध्ये ग्रंथ दिला आणि ‘मिरात-इ-सिकंदरी’ची फारसी संहिता विभागातर्फे काढली. अर्थशास्त्रात इक्बाल सिंग गुलाटी होते. भांडवलावरच्या करांवर त्यांचे १९५७चे पुस्तक, आणि पुढे तिरुवनंतपुरमला जाऊन केंद्र-राज्य अर्थसंबंधांवर काम. दत्त, आंबेडकर, गुलाटी: परत तिजोरी, परत वाटणी. गाण्याची शाळा सूरसागराच्या काठी महाविद्यालय झाली, नृत्य आणि नाट्य तिला जोडले गेले, आंदणात आलेल्या भरतनाट्यमला पदवी मिळाली. रमणलाल मेहतांनी प्राचार्य म्हणून तिला लेखनाची सवय लावली, आणि १९७०पासून इथूनच संगीतशास्त्राचे नियतकालिक निघू लागले.

तक्रार एवढीच की विभाग वाढले तशी दारे बंद होत गेली. संगीताचा विद्यार्थी कलावंत खात्याचे नियम वाचत नाही, कारण ते दप्तरखान्यात आहेत. इतिहासाचा विद्यार्थी ते वाचतो आणि पुढे जातो, कारण त्याला ख्याल कळत नाही. अर्थशास्त्राचा दोन्हीकडे जात नाही, त्याला संगणकावर आकडे आहेत. मी शिकवत होतो तेव्हा तिघांना एका रुमालाभोवती बसवण्याचा प्रयत्न दोनदा केला. एकदा वेळापत्रक जमले नाही, दुसऱ्यांदा चहा चांगला झाला.

ग्रंथमालेत ‘मानसोल्लास’ आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने संस्कृतात लिहिलेला, शंभर अध्यायांचा, राजाला जे जे ठाऊक हवे ते सगळे एकत्र करणारा ग्रंथ. संपादक श्रीगोंदेकर. राज्य मिळवणे, टिकवणे आणि कोश यांचे अध्याय पहिल्या खंडात, १९२५मध्ये. गाणे, वाद्य आणि नृत्य तिसऱ्या खंडात, १९६१मध्ये, आणि त्या गीतांच्या प्रकरणात मराठीतल्या सर्वांत जुन्या ओळींपैकी काही आहेत. पहिला खंड संस्थानाने छापला, तिसरा विद्यापीठाने. अर्थशास्त्राचा माणूस पहिला खंड मागतो, गाण्याचा तिसरा. दोघांची गाठ पडायची तर १९३९च्या दुसऱ्या खंडात पडेल. त्यात राजाच्या जेवणाचे ताट वाढलेले आहे, वडे, मांडे आणि चण्याचे पुरण भरलेल्या पोळ्यांसकट.